कड्यावर राहिलेली गाडी

"वर एक गाडी राहिलीय, सिग्रीद," फोनवर ऑस्मुंड म्हणाला. "गाडी आहे, माणूस नाही."

सिग्रीदने नुकतेच बूट काढून पाय शेगडीपुढे धरले होते. शेलविकची फौजदार म्हणून दिवसभरात मिळालेलं हे पहिलं सुख होतं, आणि ते टिकणार नाही हे तिला फोन वाजला तेव्हाच कळायला हवं होतं. तिने मुकाट्याने बूट पुन्हा चढवले.

हिवाळ्यात ग्रोनेसच्या कड्यावर कोणाला आपल्या मर्जीने जाता येत नाही. गावाबाहेर रस्त्यावर आडवा दांडा पडलेला असतो. दुपारी ऑस्मुंड आपला बर्फ सारणारा ट्रक घेऊन येतो, दांडा उचलतो आणि त्याच्या मागोमाग पर्यटकांच्या गाड्या रांगेने वर जातात. जमीन संपते तिथे एक लोखंडी कमान आहे. तिच्याखाली उभं राहून फोटो काढायचा, उपाहारगृहात वाफल खायचं आणि ऑस्मुंडच्याच मागे खाली यायचं. जेवढ्या गाड्या वर, तेवढ्या खाली. ऑस्मुंड बाकी कशात फारसा हुशार नव्हता, पण हा हिशेब त्याचा कधी चुकला नव्हता.

आज मात्र एक गाडी कमी भरली होती.

दोघं वर पोचली तेव्हा अंधार होता आणि वायव्येचा वारा बर्फ आडवा मारत होता. मोकळ्या पटांगणावर एक लाल गाडी एकटीच उभी होती, नाक थेट वाऱ्यात घालून. सिग्रीदने आपली जीप तिच्या शेजारी तशीच लावली आणि दार दोन्ही हातांनी धरून उतरली.

लाल गाडी भाड्याची होती. तिचं ड्रायव्हरकडचं दार कुरकुरत उघडलं. बिजागरी वाकलेली होती. आत किल्ली जागच्या जागी, शेजारच्या सीटवर फोन, आणि सगळ्या गाडीत खेकड्यांचा वास. पर्यटक आले की खेकडे खातात, घेऊनही जातात. शेलविकमध्ये जिला खेकड्यांचा वास येत नाही अशी एक वस्तू दाखवा. कागदांवर नाव होतं ओडवार तांगेन, राहणार बर्गन. दार लावताना तिला खांदा द्यावा लागला.

"इकडे ये," कठड्यापासून ऑस्मुंडने टॉर्च हलवला.

कठड्याच्या गजात एक चामडी हातमोजा अडकलेला होता. एकच. त्यापलीकडे काही नव्हतं, खाली फक्त समुद्राचा आवाज होता.

"तू पाहिलंस त्याला, वर येताना?" सिग्रीदने विचारलं.

"मागून तिसरा होता. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. त्याने हात वर केला, मीही केला."

"बोलला नाहीस? भाड्याच्या गाड्यांना तू नियम सांगतोस ना?"

"घसा बसेपर्यंत सांगतो. पुढच्याला सोडू नका, मध्येच थांबू नका, चारही इंडिकेटर चालू ठेवा. पण याचे आधीच चालू होते. म्हटलं, चला, एक तरी शहाणा निघाला."

सिग्रीदने हातमोजा पिशवीत टाकला. तिला राग आला होता, कोणावर ते ठरत नव्हतं. उपाहारगृहातल्या लाइलाला तिने तिथूनच फोन केला. आज कोणी अनोळखी माणूस, एकटा, उदास, कठड्याकडे घुटमळताना दिसला का? लाइला म्हणाली, अनोळखी तर सगळेच असतात, आणि या हवेत उदासही सगळेच दिसतात.

*

सकाळी शोध सुरू झाला. हेलिकॉप्टर मिळणार नव्हतं. वारा उतरेपर्यंत उडणार नाही, असं शहरातल्या साहेबांनी फोनवर सांगितलं आणि वर सिग्रीदलाच विचारलं की कड्यावर कठडा पुरेसा उंच का नाही. जणू तो तिने घरी विणला होता.

नेहमीप्रमाणे धावून आला तो स्टाइनार. गावात कोणाची बोट बंद पडो, कोणाचं मेंढरू कपारीत अडको, पहिला हजर तोच. स्वयंसेवकांच्या बचाव पथकाचा तो प्रमुख होता. सिग्रीद आणि तो शाळेत एका बाकावर बसत. तिची गणितं तो करायचा आणि त्याचे निबंध ती लिहायची.

"फौजदारीणबाई, मला धक्क्यापर्यंत सोडशील का?" तो जीपमध्ये चढत म्हणाला. "माझी व्हॅन आठवडाभर गॅरेजात पडलीय. क्लच गेलाय, आणि तो गॅरेजवाला सुट्टा भाग कुठून चंद्रावरून मागवतोय कोण जाणे."

एरवी तो बडबड्या होता. आज एवढं बोलून गप्प बसला. झोप झालेली दिसत नव्हती. सिग्रीदला वाटलं, मेलेल्या माणसाला शोधायचं कोणाला आवडतं?

बोटी कड्याखाली गेल्या आणि ती गुनवोरच्या लॉजवर आली. ओडवार तांगेन तिथेच उतरला होता. गुनवोर पाहुण्यांना आईच्या मायेने वाढते आणि सासूच्या तोंडाने बोलते.

"कसा होता माणूस?"

"चांगला. ताटात काही टाकत नव्हता. पण सांगितलेलं ऐकेल तर शपथ. पहिल्याच दिवशी गाडी वाऱ्याकडे पाठ करून लावली. दार उघडलं आणि वाऱ्याने ते पार उलटं केलं. बिजागरी वाकली. मी सांगितलं, बाबा रे, नाक वाऱ्याकडे ठेव. हो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच! म्हणतो, निघायला सोपं पडतं."

"उदास वाटला का?"

"काय म्हणून? खूश होता. त्याला लांगविकला जायचं होतं."

सिग्रीदने वर पाहिलं. लांगविक म्हणजे खाडीपलीकडची ओस पडलेली वस्ती. महायुद्धात जर्मनांनी जाताना जाळली, ती पुन्हा वसलीच नाही. आता तिथे एक झोपडी आणि एक बोटघर उभं होतं, बाकी नुसते चौथरे. रस्ता नाही, फोनला रेंज नाही.

"कड्यावर नव्हतं जायचं?"

"कड्याचं नावही काढलं नाही त्याने. मीच म्हटलं, हिवाळ्यात लांगविकला कोणी नेणार नाही, त्यापेक्षा कडा बघून ये. ग्रोनेसला येऊन कडा न बघता जातं का कोणी?" गुनवोरचे डोळे भरले. "मीच पाठवलं म्हणायचं त्याला. काल पहाटेच गाडी घेऊन निघाला होता."

दुपारी धक्क्यावर सिग्रीदने स्टाइनारला गाठलं. ओडवारने बोटीसाठी त्याला विचारलं होतं का?

"विचारलं ना. नाही म्हटलं." स्टाइनार दोर गुंडाळत होता. "माणसं न्यायचा परवाना गेलाय माझा, तुला ठाऊक आहे. पुन्हा सापडलो तर बोटच जप्त होईल. मग काय, आंघोळीच्या टबात खेकडे धरू?"

"तरी एक बोट लांगविकला पाठवू या."

"मी जाऊन येतो. बाकीच्यांना कड्याखालीच राहू दे."

तो गेला आणि दिवस मावळताना परतला. लांगविकला चिटपाखरू नाही, म्हणाला. झोपडीत डोकावून आलो, शेगडी थंडगार. त्यावर शंका घेण्यासारखं काही नव्हतं. ती झोपडी तोच सांभाळायचा. या किनाऱ्यावरच्या झोपड्यांना कुलूप नसतं. शेवटचा जो बाहेर पडेल त्याने शेगडीशेजारी कोरडी लाकडं रचायची, फळीवर आगपेटी ठेवायची आणि दार ओढून घ्यायचं, एवढाच नियम. दर शरदात लांगविकची लाकडं स्टाइनारच रचून येत असे.

सापडलं काहीच नाही. रात्री साहेबांचा पुन्हा फोन आला. गाडी वर, फोन आत, हातमोजा कठड्यावर. अजून काय हवंय? आत्महत्या लिही आणि माणसं घरी पाठव.

सिग्रीदने, उद्या त्याची मुलगी येतेय, तोवर थांबते, असं सांगून फोन ठेवला. मग शेजारच्या खुर्चीला लाथ मारली. खुर्ची लाकडाची होती आणि तिच्या पायात बूट नव्हते.

*

मुलगी सकाळी आली. पोलीस ठाण्याच्या खिडकीतून सिग्रीदला एक पांढरी भाड्याची गाडी आवारात शिरताना दिसली. ती गोल फिरली, बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. पाठ थेट वाऱ्याला.

"नाक वाऱ्याकडे!" सिग्रीद ओरडत बाहेर धावली. उशीर झाला होता. आतल्या बाईने दार जेमतेम उघडलं आणि वाऱ्याने ते तिच्या हातातून हिसकून पुढे आपटलं.

बाई चिडून रडवेली झाली. "कोण राहतं इथे? का राहतं?" तिने विचारलं. विमान चुकलं होतं, दोन विमानं बदलावी लागली होती, रस्ता अर्धा वेळ बंद होता, आणि आता हे दार.

 सिग्रीद मोडलेल्या दाराकडे बघत राहिली. मग आपल्या जीपकडे, जी नाक वाऱ्यात घालून उभी होती. मग पुन्हा दाराकडे.

"तुम्ही ठीक आहात ना?" आता त्या बाईनेच विचारलं.

"नाही," सिग्रीद म्हणाली. "मी गाढव आहे. आत या, कॉफी घ्या आणि वडिलांबद्दल सांगा. लवकर सांगा."

हेगे तांगेन बोलू लागली. बाबा कड्यावर गेलेच नसते. बल्ब बदलायलासुद्धा ते स्टुलावर चढत नाहीत, चक्कर येते. तुमच्या साहेबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, अशीच माणसं जातात. आणि बाबा इथे मरायला नव्हते आले. आजीचा जन्म लांगविकचा. गाव जाळलं तेव्हा ती लहान होती, बोटीच्या तळाशी लपवून तिला नेली. आता ती अंथरुणाला खिळलीय आणि तिला आपल्या घराच्या उंबऱ्याचा एक दगड हातात धरायचाय. तो न्यायला बाबा आले होते.

"आजीला मी अजून काही सांगितलेलं नाही," हेगे म्हणाली. "ती रोज विचारते, ओडवार निघाला का तिथून. त्यांनी स्वतःहून उडी मारली असं तुम्ही लिहिणार असाल, तर ते मी तिला कसं सांगू ते पण लिहून द्या."

सिग्रीदने लाइलाला फोन लावला. दोन दिवसांपूर्वी तिने अनोळखी माणसाची चौकशी केली होती. आज प्रश्न दुसरा होता.

"त्या दिवशी वर ओळखीचं कोण आलं होतं?"

"आम्ही कर्मचारी, आमच्या बसमधले नेहमीचे. आणि स्टाइनार."

"स्टाइनार?"

"खेकड्यांची पेटी घेऊन आला होता. कॉफी प्यायला. जाताना आमच्याच बसमधून आला खाली."

"आणि वर? तुमच्याच बसने?"

"नाही, वर त्याच्या व्हॅनने, दर वेळेसारखा."

"व्हॅन पाहिलीस?"

"मी स्वयंपाकघरात असते, सिग्रीद. मला तिथून फक्त भांडी दिसतात."

"मग खाली बसने का, हे विचारलं नाहीस?"

"त्या हवेत? जो तो मिळेल तिथे घुसतो. आणि तू तरी कुठे विचारलंस? तू म्हणालीस अनोळखी."

सिग्रीदने फोन ठेवला. लाइलाचं बरोबर होतं आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

*

समाजमंदिराच्या हॉलमध्ये शोधपथक मासळीचं सूप पीत होतं. बहुतेकांच्या चेहऱ्यावर आता हे संपवा असं लिहिलेलं होतं. गुनवोर वाढत होती. ऑस्मुंड पावाचा चौथा तुकडा उचलत होता. स्टाइनारचं सूप मात्र तसंच समोर गार होत होतं. सिग्रीद हेगेला घेऊन त्याच्यासमोर बसली.

"कड्याखालचा शोध थांबवतेय," ती म्हणाली. टेबलाभोवती सुस्कारे सुटले. "कारण ओडवार तांगेन कड्यावर गेलाच नव्हता."

"गाडी गेली होती," ऑस्मुंड म्हणाला. "मी मोजली."

"गाडी गेली. चालवत दुसरा कोणी होता. गुनवोर, त्याच्या गाडीचं दार कशाने मोडलं?"

"वाऱ्याने. सांगितलं ना तुला."

"आणि दुसऱ्या दिवशी त्याने गाडी कशी लावली?"

"पुन्हा उलटीच."

"आणि वर कशी उभी होती, ऑस्मुंड?"

ऑस्मुंडने तोंडातला घास थांबवला. "नाक वाऱ्याकडे," तो हळूच म्हणाला. "बरोबर होती."

"बरोबर होती. म्हणून तुला काही वाटलं नाही, मलाही नाही. मी माझी जीप तिच्याशेजारी तशीच लावली आणि मूर्खासारखी आत्महत्या शोधत बसले. पाहुण्याने गाडी चुकीची लावली असती तर लगेच नजरेत आली असती. ती आपल्यासारखी लावलेली होती, म्हणून दिसलीच नाही." ती थांबली. "तुझे चार इंडिकेटरही तसेच. भाड्याच्या गाडीतल्या पाहुण्याला सांगावं लागतं. ज्याला सांगावं लागलं नाही, तो या रस्त्याने शंभरदा गेलेला माणूस होता."



"असा माणूस गाडी वर सोडून खाली कसा येईल? चालत येणार नाही, गोठेल. कर्मचाऱ्यांच्या बसने येईल, आणि बसमध्ये कोणी विचारणार नाही, कारण तो ओळखीचा असेल. वर जायला त्याला निमित्त हवं. खेकड्यांची पेटी चालेल. त्या गाडीत खेकड्यांचा वास होता, स्टाइनार."

स्टाइनार तिच्याकडे बघत नव्हता.

"तुझी व्हॅन आठवडाभर गॅरेजात आहे. तूच मला सांगितलंस. मग त्या दुपारी पेटी घेऊन तू वर कशाने गेलास?"

"सिग्रीद," गुनवोर म्हणाली, "हा आपला स्टाइनार आहे."

"मला माहीत आहे कोण आहे तो," सिग्रीद म्हणाली. "त्याने सांगू दे मला, मी चुकले म्हणून. चुकले असले तर मला आवडेल."

स्टाइनारने सुपाची वाटी थोडी बाजूला सारली, जशी जेवण झाल्यावर सारतात.

"फार मागे लागला होता," तो म्हणाला. "आईची गोष्ट सांगितली. म्हटलं, उजाडायच्या आत नेऊन आणू, कोणाला कळतंय. दगड घेऊन परत येताना लांगविकच्या धक्क्यावर त्याचा पाय सरकला. खाली खडकांवर गेला. डोकं आपटलं. मी हाका मारल्या, हलवलं. गळ्यापाशी हात लावला, काही लागेना."

"तुझे हात गारठलेले होते."

"मेला होता, सिग्रीद. पाय वाकडा झाला होता. रक्त होतं. त्याला बोटघराच्या भिंतीशी ओढलं, वर शीड पांघरलं. वारा चढत होता. येताना सगळा वेळ एकच डोक्यात. बोट जाणार. दोन पोरं आहेत, बोट गेली की काय?" त्याने कपाळ चोळलं. "फोन आणि हातमोजा त्याच्या खिशातून घेतले होते. किल्ली शेलविकच्या धक्क्याशी गाडीतच होती. मग पुढचं आपोआप झालं."

"पुढचं तू केलंस," सिग्रीद म्हणाली. "आणि काल? काल मी तुला लांगविकला पाठवलं. शेगडी थंड आहे म्हणालास."

"गेलो नाही. भूशिराच्या अलीकडे नांगर टाकून बसलो. मला त्याला तसं पुन्हा बघवलं नसतं."

 आता हेगेने विचारलं, "बाबांजवळ तुम्ही किती वेळ थांबलात?"

 हॉलमध्ये कोणीच स्टाइनारच्या मदतीला आलं नाही.

*

लांगविकला या वाऱ्यात लागेल अशी बोट एकच होती, आणि ती चालवू शकेल असा माणूसही एकच. सिग्रीदला यापेक्षा संतापजनक गोष्ट सुचत नव्हती. स्टाइनार सुकाणूच्या चाकापाशी उभा राहिला, त्याच्यामागे ती. ऑस्मुंडने डॉक्टरची पेटी आणि स्ट्रेचर घेतलं. हेगेला धक्क्यावर थांब म्हटलं तर ती कोणाचं न ऐकता बोटीत चढली. आणायचं ते प्रेत होतं, आणि ते आपणच आणणार, असं तिने ठरवलं होतं.

 वारा थोडा उतरला होता, पण लाट अजून उभी होती. सिग्रीद मनात अहवालाची वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्यात स्टाइनारचं नाव आलं की अडत होती.

बोट भूशिराला वळसा घालून आत आली आणि स्टाइनारच्या हातून चाक सुटलं.

सिग्रीदने झेप घेऊन ते धरलं. "काय करतोस?"

त्याने हात पुढे केला. चौथऱ्यांच्या मागे, बर्फात अर्धी बुडालेली झोपडी. तिच्या धुराड्यातून धूर निघत होता. जेमतेम, पातळ, वारा लगेच मोडून टाकत होता. पण धूर होता.

 बोट टेकायच्या आत हेगे उडी मारून धावली. दोनदा पडली.

ओडवार तांगेन शेगडीला चिकटून जमिनीवर पडला होता. डोक्याला शर्टाची बाही बांधलेली, मोडलेल्या पायाला मासळी वाळवायची काठी. शुद्धीवर आल्यावर शिडाखालून निघून तो सरपटत इथवर आला होता. दार ओढलं तर उघडलं. शेगडीशेजारी कोरडी लाकडं होती, फळीवर आगपेटी. छपराला सुकी मासळी टांगलेली होती. बर्फ वितळवून तो पाणी प्यायला. त्याच्या कुशीत, कोटात गुंडाळलेला, एक दगड होता.

"हेगे," तो म्हणाला. आवाज निघत नव्हता. "फोन सापडेना गं मला. तो बोटवाला कुठे गेला? तोही पडला का कुठे? मी हाका मारल्या त्याला."

 हेगेने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग ती रडली. दोन दिवसांचं राहून गेलेलं रडणं सगळं एकदम आलं.

लाकडांच्या जागी शेवटची दोनच उरली होती. सिग्रीदने ती पाहिली. आज शोध थांबवून सगळ्यांना घरी पाठवलं असतं तर, असा विचार तिने पुढे जाऊ दिला नाही.

"ही लाकडं कोणाची होती?" ओडवारने तिला विचारलं. "सगळी संपवली मी. त्यांना भरून द्यायला हवीत."

"बघू," ती म्हणाली. 

ऑस्मुंडने आणि तिने त्याला स्ट्रेचरवर घेतलं. दाराबाहेर स्टाइनार उभा होता. ओडवारने त्याला ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला. "तू ठीक आहेस," तो म्हणाला. स्टाइनार मागे सरकला, जसा मार चुकवायला सरकतात.

ओडवारला बोटीत नीट निजवून, पांघरुणं घालून सिग्रीद मागे वळली तर स्टाइनार धक्क्यावर नव्हता. पळून जायला लांगविकला जागा नाही. तरी ती चढण चढून परत गेली.

तो झोपडीत होता. बोटघरातून लाकडं वाहून आणत होता. शेगडीशेजारी तो ती रचत होता, जाड खाली, बारीक वर, सालीकडची बाजू भिंतीला. राख काढून झाली होती. त्याने आपल्या खिशातली आगपेटी फळीवर ठेवली, ती ओलसर वाटली म्हणून पुन्हा उचलली, आतल्या सदऱ्याला पुसली आणि परत ठेवली.

मागून ऑस्मुंड धापा टाकत आला. "आता हे काय? खाली लाट वाढतेय. बोलाव त्याला."

"करू दे," सिग्रीद म्हणाली.

ती दारात पाठीने वारा अडवून उभी राहिली. शेवटची मोळी रचून झाल्यावर स्टाइनारने हात झटकले, एकदा सगळ्या खोलीवर नजर फिरवली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. मग तो तिच्यापुढे चालत बोटीकडे गेला.